परसबाग : कोमेजलेले पान काय मागते?

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच प्रश्न असतो : झाड कोमेजले आहे, पाणी किती घालावे? पाणी घालावयाचे, हे लिहिणाऱ्याने मनाशी आधीच ठरविलेले असते. किती, एवढेच आम्हांस विचारावयाचे उरलेले असते. या प्रश्नाचे उत्तर आम्हीही एकदा असेच, झाड न पाहता आणि मातीला हात न लावता देऊन बसलो. आणि त्याचे प्रायश्चित्त आमच्या थोरल्या बहिणीच्या परसातील कागदी लिंबाच्या झाडाला भोगावे लागले. ती हकीकत आज सांगतो, कारण पावसाळ्यानंतर पुष्कळ घरी हीच चूक होते, असे पत्रांवरून दिसते.

आमची बहीण लग्नानंतर बडोद्यास गेली. (शहराचे नाव आता वडोदरा असे लिहितात; आमच्या तोंडची जुनी सवय जात नाही.) घर विश्वामित्री नदीपासून फार दूर नाही. घरामागे चार-पाच खाटा मावतील एवढे परस. त्यात लिंबू, दोन पपया, शेवगा, कढीलिंब, केळीचे एक बेट, कडेने कर्दळ व अळू, आणि मांडवावर दोडक्याचा वेल. लिंबाचे झाड आमच्या दिवंगत मेहुण्यांनी २००९ साली लावले होते. मेहुण्यांना बागेची हौस बेताचीच. पण त्या एका झाडाला त्यांनी स्वतःच्या हाताने आळे केले होते, आणि ते गेल्यावर त्या झाडाचे लिंबू शेजारी वाटण्याचा परिपाठ ताईने मोडला नव्हता.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते. एरवी तिचे पात्र पाहून ही नदी शहर बुडवील असे कोणाच्या मनातही येऊ नये. परंतु ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. वर्षभरात तेथे जेवढा पाऊस पडतो त्याच्या निम्म्याहून अधिक! त्यानंतर ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पुन्हा तोच प्रसंग आला. वर आजवा आणि प्रतापपुरा ही सरोवरे भरून वाहू लागली, नदी ३५ फुटांपर्यंत चढली आणि वस्त्यांतून कंबरभर पाणी शिरले. नदीतील मगरी रस्त्यांवर व अंगणांत आल्या. ताईच्या परसात तीन दिवस पाणी उभे होते. घरात ते उंबऱ्यापाशी थांबले, एवढेच दैव.

पाणी ओसरल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तिचा फोन आला. "लिंबाची पानं मिटून खाली लोंबताहेत रे. काय करू?" आम्ही विचार न करता म्हणालो, "पाणी घाल. रोज दोन बादल्या घाल, आणि मूठभर युरिया दे. आठ दिवसांत उभे राहील." तिने तसे केले. आठ दिवसांनी पाने पिवळी पडून गळू लागली, तेव्हा तिने तिसरी बादली सुरू केली.

हा सल्ला आम्ही का दिला, हे सांगणे अवश्य आहे. आमचा जन्म वसईच्या वाडीतला. समुद्रकाठची ती रेताड, भुसभुशीत जमीन. बावखलाचे पाणी रहाटाने काढून केळीच्या नि पानवेलीच्या वाफ्यांत सोडावे आणि जमिनीने ते पाहता पाहता पिऊन टाकावे. तेथे पान मलूल झाले म्हणजे झाड तहानले, असाच अर्थ असे, आणि बहुधा तो खराही असे. बडोद्याची जमीन तशी नव्हे. ताईच्या परसातील माती काळी, चिकण; भिजली की लोण्यासारखी, वाळली की विटेसारखी. अशा मातीच्या कणांत पाणी शिरले म्हणजे लवकर बाहेर पडत नाही. पन्नास वर्षे बागेत वावरलेला माणूस एका मातीचा अनुभव दुसऱ्या मातीस लावून मोकळा झाला.

मरियामातेच्या जन्माचा सण आटोपून आम्ही सप्टेंबरच्या मध्यास बडोद्यास गेलो. झाडाच्या बुंध्याभोवती पुराने आणलेला गाळ चार बोटे जाड बसला होता, आणि त्यावर ताईच्या बादल्यांचे पाणी अजून चकाकत होते. खुरप्याने वीतभर माती उकरली, तो कुजलेल्या अंड्यासारखा वास आला. बारीक मुळे पांढरी असावयाची ती तपकिरी झाली होती. चिमटीत धरून ओढले की वरची साल मोज्यासारखी निघून येई आणि आत नुसता दोरा राही. जमिनीलगत खोडाची साल काळवंडून तिच्यातून डिंकाचे थेंब ओघळत होते. यालाच आपल्याकडे डिंक्या म्हणतात. ताईने आम्हांस एका शब्दानेही बोल लावला नाही. दुपारी जेवताना पानात लिंबाची फोड वाढताना ती एवढेच म्हणाली, "हे बाजारचं आहे."

पाण्यात उभे असलेले झाड तहानल्यासारखे का दिसते, हे एकदा नीट समजून घ्यावे. मूळ हे जिवंत आहे आणि तेही श्वास घेते. मातीच्या कणांमधील पोकळीत जी हवा असते, तीवर त्याचा निर्वाह चालतो. पाणी साचले म्हणजे ती हवा निघून जाते, मुळांचा जीव गुदमरतो, आणि गुदमरलेले मूळ पाणी वर ओढू शकत नाही. म्हणून भोवती पाणीच पाणी असताना पाने मात्र कोरड्या दुष्काळातल्यासारखी लोंबतात. त्यातच मेलेल्या सालीवर बुरशी चढते. अशा वेळी घातलेली प्रत्येक बादली म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलेला हात होय. युरियाने तर कहर होतो. जे मूळ पाणी घेऊ शकत नाही, त्याला खताचे ओझे कोठून पेलणार?

तेव्हा पान पाहून निदान करू नये. तहानलेले आणि बुडालेले, दोन्ही झाडे एकाच चेहऱ्याने आपल्यासमोर उभी राहतात. कुंडी असेल तर मातीत दोन पेरे बोट खुपसावे. बोटास ओल व माती चिकटली तर त्या दिवशी पाणी घालू नये. झाड जमिनीत असेल तर बुंध्यापासून हातभर दूर वीतभर खोल उकरून माती मुठीत दाबावी. गोळा बांधला जाऊन तो हातास चिकटत असेल तर पाण्याची गरज नाही. गोळा बांधला जाऊन टिचकीने फुटत असेल तर अजून दोन-चार दिवस थांबण्यास हरकत नाही. गोळा बांधलाच जात नसेल तर खुशाल पाणी द्यावे. वास घ्यावयास विसरू नये. निरोगी मातीला पहिल्या पावसाचा गंध असतो. आंबूस किंवा कुजका वास आला म्हणजे तेथे हवा उरलेली नाही असे समजावे.

नवीन झाड लावण्यापूर्वी जागेची परीक्षा याहून सोपी आहे. हातभर खोल खड्डा खणावा, पाण्याने तोंडोतोंड भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी दिसले तर त्या जागी लिंबू, पपई किंवा शेवगा लावण्याच्या भरीस पडू नये. लावावयाचेच असेल तर जमिनीपासून दीड-दोन वीत उंच ओटा करून त्यावर लावावे. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली की ती मोकळी होते, असे बरेचजण समजतात. थोड्या वाळूने ती अधिकच घट्ट होते. तिला मोकळे करते ते चांगले कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा, आणि तेही दोन-तीन वर्षे सातत्याने घातले तर.

ताईच्या परसात कोण वाचले आणि कोण गेले, हे पाहणे बोधप्रद होते. पपया सर्वांत आधी गेल्या. पपईच्या मुळाशी दोन दिवस पाणी साचले तरी ती बहुधा पुन्हा उभी राहत नाही. शेवग्याने पाने टाकली, पण उंचवट्यावर असल्यामुळे तो तगला. केळीचे बेट मलूल होऊन आठवड्याभरात सावरले. कर्दळ आणि अळू यांना तर पूर म्हणजे सणच वाटला असावा, अशी त्यांची पाने टरारली होती. ज्या परसात दरवर्षी पाणी येते, तेथे खालच्या अंगाला अशीच झाडे लावावी आणि लिंबू-पपई वरच्या अंगाला न्यावी. आमच्या कित्येक वाचकांच्या वाडीत नेमके याच्या उलट असते.

संध्याकाळी आम्ही कमाटीबागेत गेलो. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली लोकांसाठी केलेली ही बाग विश्वामित्रीच्या काठीच आहे, आणि पूर आला की पहिले पाणी तिच्यात शिरते. बडोद्याच्या बागांवर काम करण्यास १८९३ साली क्रुम्बिगेल नावाचे जर्मन उद्यानतज्ज्ञ लंडनच्या क्यू उद्यानातून आले होते. तेच पुढे म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगलोरच्या लालबागेमुळे प्रसिद्धी पावले. असो. कमाटीबागेतील जुने वृक्ष गाळाने माखलेल्या खोडांनिशी शांतपणे उभे होते. त्यांच्यासारखा पसारा नि खोल मुळे आपल्या परसातील झाडांना नसतात. म्हणून त्यांची देखभाल आपल्याला करावी लागते.

पाणी ओसरल्यावर काय करावे, ते आता सांगतो. प्रथम मगर आहे काय ते पाहावे, असे बडोदेकर अर्धवट थट्टेने सांगतात. इतरत्र साप व विंचू यांच्यासाठी काठीने चाचपून मगच परसात उतरावे. अनवाणी तर मुळीच उतरू नये. पुराच्या पाण्यात उंदरांचे व गुरांचे मूत्र मिसळलेले असते, आणि पायाच्या भेगांवाटे लेप्टोस्पायरोसिस हा ताप शरीरात शिरतो. दक्षिण गुजरातेतील शेतकऱ्यांना या रोगाची चांगलीच ओळख आहे. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालावे, आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर आपण चिखलात काम केले होते हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे.

ओल्या चिकणमातीवर शक्य तो पाय देऊ नये. एकदा तुडविलेली जमीन पुढे वर्षभर दगडासारखी राहते. फळी टाकून तिच्यावरून चालावे. साचलेल्या पाण्याला चर काढून वाट द्यावी. मग बुंध्याभोवतीचा गाळ हाताने अलगद उतरवून खोडाचा मूळचा गळा, म्हणजे जेथे खोड संपून मूळ सुरू होते ती जागा, उघडी करावी. माती वाफशावर आली म्हणजे खुरप्याने वरवर मोकळी करावी; खोल खणून उरलीसुरली मुळे तोडू नयेत. सुकलेल्या फांद्या छाटून पाल्याचा भार हलका करावा. नवी पालवी फुटेपर्यंत युरिया नाही, आणि मातीची परीक्षा केल्याशिवाय पाणी नाही.

भाजीविषयी कठोर व्हावे लागते. शहराच्या पुरात गटारांचे पाणी असतेच. त्यात बुडालेली पालेभाजी, मुळा, कोथिंबीर कितीही धुतली तरी स्वयंपाकघरात नेऊ नये. उपटून खड्ड्यात पुरावी. मांडवावर पाण्याच्या वर राहिलेला दोडका धुऊन व शिजवून खाण्यास हरकत नाही. गृहिणींच्या जिवावर येते हे आम्ही जाणतो, पण एका जुडीपायी घरात हगवण आणू नये. विहीर बुडाली असल्यास तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकून घेतल्याशिवाय पाणी पिऊ नये. हे काम गावच्या आरोग्यसेवकास विचारून करावे.

डिंक्यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. मोरचूद १०० ग्रॅम आणि कळीचा चुना १०० ग्रॅम घ्यावा. दोन वेगळ्या मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यांत अर्धा अर्धा लिटर पाण्यात हे स्वतंत्र भिजवावे, आणि नंतर दोन्ही एकत्र ओतून ढवळावे. लोखंडी वा पितळी भांडे वापरू नये. घासलेले लोखंडी पाते त्यात मिनिटभर बुडवावे; त्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा. खोडावरील कुजलेली साल धारदार चाकूने निरोगी सालीपर्यंत खरवडून, ती खपली जाळून टाकून, हा लेप जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत ब्रशाने लावावा. लेप त्याच दिवशी संपवावा. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, असा दोनदा लावल्यास उत्तम. याला बोर्डो मलम म्हणतात. फ्रान्समधील बोर्डो प्रांतात वाटेवरच्या द्राक्षांची चोरी होऊ नये म्हणून बागाईतदार वेलांवर मोरचूद-चुन्याचा निळसर सडा टाकीत. त्या वेली बुरशीपासूनही वाचतात, हे मिलार्डे नावाच्या प्राध्यापकांच्या ध्यानी आले आणि १८८५ साली त्यांनी ते जगापुढे मांडले. चोरांनी आपल्याला एवढी एक गोष्ट दिली! मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये.

विषाचा विषय निघालाच आहे, तर किडीकडे वळू. पाणी पिऊन अशक्त झालेल्या झाडावर मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण हे पाहुणे लवकर येतात. खोडावरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसली की पानाची खालची बाजू उलटून पाहावी. माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात. पाण्याचा जोराचा फवारा दोन-तीन दिवस सकाळी मारल्यास निम्मा मावा गळून पडतो, आणि उरलेला ठिपक्यांचे लाल ढालकिडे खातात. लिंबाच्या कोवळ्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखे काही दिसले तर ती विष्ठा नव्हे. ती फुलपाखराची अळी आहे. ती हाताने वेचावी. पुरानंतर गोगलगाई फार होतात. संध्याकाळी ओले गोणपाट पसरून ठेवावे, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगाई चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात टाकाव्या. एवढ्याने न भागल्यास ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्या, फडक्यातून पिळून गाळाव्या, चिमूटभर साबण मिसळावा आणि सायंकाळी पानांच्या खालच्या अंगाला फवारावे.

शेतातील औषधाची बाटली मात्र परसात आणू नये. ताईच्या शेजारच्या एका भल्या गृहस्थांनी कापसावरचे औषध चहाच्या कपात मोजून तिला देऊ केले होते, आणि लिंबाच्या चिंतेने ती ते घेणारच होती. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले मरण पावली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. भाजीपाल्यावर ते औषध वापरण्यास सरकारने २००५ मध्येच मनाई केली होती. रिकामा डबा, अर्धी बाटली, मोजण्याचा कप, यांतले काहीही ज्या घरात चूल पेटते आणि मुले वावरतात त्या घरात नसावे. चार लिंबे किडली तर किडोत.

उन्हाळ्यातील पाण्याविषयी थोडक्यात. मे महिन्यात बडोद्याचे ऊन ४० अंशांच्या पलीकडे जाते, तेव्हा झाडाला पाणी हवेच; पण रोज शिंपडलेल्या तांब्याभर पाण्यापेक्षा आठवड्यातून एकदा दिलेले भरपूर पाणी मुळे खोल नेते. ते भल्या पहाटे द्यावे. लिंबाला बुंध्याशी पाणी कधीच नको. खोडाभोवती हातभर रुंदीचा मातीचा उंचवटा करावा आणि त्याच्या बाहेर, फांद्यांच्या सावलीच्या कडेला, दुसरे आळे करून त्यात पाणी सोडावे. पाणी पिणारी बारीक मुळे तेथेच असतात आणि खोड कोरडे राहते. मेहुण्यांनी केलेले आळे नेमके बुंध्याला लागून होते. त्या आळ्यावर फावडे चालविताना ताई घरात निघून गेली. आळ्यात पालापाचोळ्याचे चार बोटे आच्छादन घालावे, खोडापासून वीतभर दूर. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी कोणत्याही झाडाला चालते. साबणाचे पाणी केळी व कर्दळीपुरतेच ठेवावे. गावी जाणे असेल तर भाजलेल्या मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, भरून, झाकून ठेवावे. ते झिरपत झिरपत आठवडाभर भाजीच्या वाफ्याला सांभाळते.

लिंबाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. गाळ काढला, साल खरवडली, लेप लावला, तिसरा हिस्सा पाला छाटला आणि पाणी पूर्ण बंद केले. दिवाळीपर्यंत काहीच घडले नाही. झाड मेले असेच आम्हांस वाटे, पण ताई तोडू देईना. फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्वेकडील फांदीला तांबूस कोवळी पालवी आली. पश्चिमेकडील मोठी फांदी फुटली नाही. मार्चमध्ये ती कापावी लागली, आणि त्या बाजूचे खोड अजून काळे आहे. त्या वर्षी पावसाळ्यानंतर पूर्वेच्या फांदीला नऊ लिंबे आली. ताईने त्यांतली आठ शेजारी वाटली आणि एक कागदात गुंडाळून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती, वसईला आमच्याकडे पाठविले.